एका इंचानं खोटी टेप

जे गिऱ्हाईक दुकानात येऊन तीनदा "झालं का?" असं विचारी, त्याचं कापड मास्तर गुपचूप गठ्ठ्याच्या तळाशी सरकवत. तीस वर्षं त्यांनी हे केलं आणि त्यात काही वावगं आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. गिऱ्हाईक कोपऱ्यावर पोचायच्या आत त्याचा कोट तळाला गेलेला असे.

म्हणून नोकरीचा अर्ज दिल्यावर एकवीस दिवस त्यांनी फोन केला नाही.

ज्या दुकानात ते कटिंग करत, ते बंद पडून आठ महिने झाले होते. वय चोपन्न. जिथे जावं तिथे कापायला यंत्रं आलेली. हातानं कापणारा माणूस पाहिजे, अशी पाटी त्यांना एकाच फाटकावर दिसली, नदीपलीकडे, हॉस्पिटलचे पांढरे कोट शिवणाऱ्या कारखान्यात. तिथे त्यांनी साहेबांसमोर एक कोट कापून दाखवला. साहेबांनी बाही उजेडात धरली, "छान," म्हणाले. "कळवतो."

तेव्हापासून मास्तर फोन आंघोळीलाही बरोबर नेत, प्लास्टिकच्या पिशवीत घालून.

इकडे मेहुण्यानं सांगून ठेवलं होतं, "पहिल्या तारखेला टेम्पो घेऊन येतो. आमची वरची खोली रिकामीच आहे." मेहुणा सज्जन होता. त्याच्या घरी कुणी टोचून बोललं नसतं. पण उरलेलं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या घरातला चहा पिऊन "फक्कड झालाय हं" म्हणत काढायचं, हे मास्तरांना नको होतं. पहिली तारीख नऊ दिवसांवर आली.

बायको खिडकीशी बसून शेजारणीच्या परकराला दुमड घालत होती. दोरा दातानं तोडत म्हणाली, "अहो, एक फोन केलात तर जीभ झिजेल का?"

"तुला नाही कळायचं. मागे लागलं की माणूस तळाशी जातो."

"मग आत्ता कुठे आहात? वर?"

मास्तरांनी पिशवीतला फोन उलटून पाहिला. तीच पुढे म्हणाली, "फोन नको ना? मग टेप घेऊन या. त्या दिवशी कारखान्यातच विसरून आलात. आपली वस्तू मागायला कसली लाज?"

ती टेप फक्त मास्तरांनीच वापरावी अशी होती. पहिला इंच झिजून फाटला, तेव्हा त्यांनी तो कापून टाकला आणि पितळी टोक एकच्या आकड्यावर शिवलं. चोवीस हवे असले की पंचवीसला खूण करायची. हाताला इतकी सवय की डोक्याला विचारावंच लागत नसे. घरातला पडदा मोजतानासुद्धा बायको एक इंच वाढवून धरी.

कारखान्यात काचेमागे रजिस्टरवाल्या बाई होत्या. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "कटिंग मास्तर? ती जागा सोमवारी भरली."

"साहेब कळवतो म्हणाले होते."

"सतरा जणांना म्हणाले होते. जे लागले ते सकाळ-संध्याकाळ फोन करायचे. शेवटी मीच म्हटलं, साहेब, घेऊन टाका यांना, माझे कान तरी सुटतील." बाईंनी कागद उलटला आणि त्यांचं बोट थांबलं. "अहो, तुमच्या नावापुढे तर पहिल्या पसंतीची खूण आहे. तुम्ही चौकशीच केली नाहीत, तेव्हा आम्हाला वाटलं, दुसरीकडे लागलात."

मास्तरांनी काचेच्या कडेला हात टेकला.  मग उगाच काहीतरी बोलायचं म्हणून ते म्हणाले, "माझी टेप राहिलीय."

"आत टेबलावर असेल, बघा."

टेप टेबलावर नव्हती. नव्या माणसाच्या गळ्यात होती. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला. तो पुठ्ठ्यावर बाहीचा साचा आखत होता. शेजारी पांढऱ्या कापडाचे तागे रचलेले. या एका साच्यावरून दोनशे कोटांच्या बाह्या कापल्या जाणार होत्या.

त्यानं चोवीसला रेघ मारली. मास्तरांच्या नजरेनं लांबूनच मोजलं. तेवीस.

"ही तुमची होय?" मास्तरांची नजर टेपवर खिळलेली पाहून तो ओशाळून म्हणाला. "मला वाटलं, इथलीच आहे. दोन दिवस राहू द्या ना मास्तर, नवी आणेपर्यंत."

"राहू द्या," मास्तर म्हणाले आणि दाराकडे वळले.

खोटं एक अक्षर बोलावं लागलं नव्हतं. शनिवारपर्यंत दोनशे डॉक्टरांची मनगटं उघडी पडली असती आणि सोमवारी पिशवीतला फोन वाजला असता. मेहुण्याला टेम्पो आणायची गरज उरली नसती. दारापर्यंत सात पावलं होती. पाचव्याला त्यांना मागून कात्री उघडल्याचा आवाज आला.

"थांबा," ते म्हणाले. "कापू नका. ती टेप एका इंचानं खोटी आहे."

त्या माणसानं टेपचं टोक उलटून पाहिलं आणि त्याचा चेहरा पुठ्ठ्यासारखा कोरा झाला. "आठ ठिकाणी फिरून इथे लागलोय," एवढंच तो पुटपुटला. गळ्यातून टेप काढताना ती त्याच्या कॉलरात अडकली, ती मास्तरांनीच सोडवली.

बाहेर येऊन ते पुन्हा काचेपाशी उभे राहिले. "आणखी माणूस लागणार असेल तर?"

"कळवू की."

"तुम्ही नका कळवू. मीच फोन करतो."

"मास्तर, जागाच नाही तर फोन करून काय करणार?"

 ते फाटकाबाहेर आले. टेपची गुंडाळी करून खिशात टाकली. प्लास्टिकच्या पिशवीची गाठ सुटेना, तेव्हा दातानं सोडवली. नंबर त्यांना एकवीस दिवसांत पाठ झाला होता. आत घंटी वाजलेली त्यांना फाटकापर्यंत ऐकू आली आणि काचेतून बाईंनी फोन उचललेला दिसला.

"मीच," मास्तर म्हणाले. "झालं का?"