तीन पाड्यांचं सारवण आणि शनिवारचा सामना

मनीषाचा फोन आला तेव्हा मी वाटाणे सोलत होते. मनीषा म्हणजे माझी भाची. डहाणूकडे, उधव्याजवळच्या एका कॉलेजात खेळ शिकवते. मुलींचा हॉकीचा संघ तिनंच उभा केला. "मावशी, शनिवारी साखळीतला शेवटचा सामना आहे. जिंकलो तर पहिल्या चार संघांत, म्हणजे बाद फेरीत. हरलो तर पुढच्या वर्षी हॉकी बंद. प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलंय."

मी म्हटलं, "अगं, पण तुम्ही तर सगळे सामने हरत होता ना?"

"पहिले तीन हरलो. नंतरचे तीन जिंकलो. तू ये तर खरी!"

मला हॉकीतलं ओ की ठो कळत नाही. पण पोरीच्या आवाजात उकळी फुटली होती, आणि अशा वेळी घरात वाटाणे सोलत बसणं बरं नव्हे. गुरुवारी सकाळी पिशवी उचलली नि निघाले. २०१८ चा जानेवारी. नाशिकला थंडी अशी की तेलाची बाटली उन्हात ठेवल्याशिवाय थेंब पडेना.

जाणाऱ्यांसाठी सांगते. नाशिकहून डहाणूला थेट एसटी मिळते. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, कासा असा रस्ता. पाच तास धरून चाला, आणि खिडकी डावीकडची घ्या. माझ्यासारखं अर्धं तिकीट असेल तर ओळखपत्र हाताशी ठेवा, कंडक्टरला पिशवी उपसून दाखवायची वेळ आणू नका. मोखाड्यानंतर घाट वळणावळणाचा आहे. पोट हलकं ठेवा. मी आदल्या रात्रीची खिचडी खाऊन निघाले होते, ती जव्हारपर्यंत मला आणि मी तिला धरून होतो. जव्हारच्या थांब्यावर चहा झाला आणि दोघी सुखी झालो.

डहाणू रोडला स्टेशनजवळ लॉज पुष्कळ आहेत. मला सहाशेत स्वच्छ खोली मिळाली, गरम पाण्याची बादली सकाळी दारात. संध्याकाळी किनाऱ्यावर गेले. ओहोटी होती, समुद्र पार लांब गेलेला, नि मागे सुरूची झाडं. जाताना दोन्ही बाजूंना चिकूच्या वाड्या. एका बाईकडून पावशेर चिकूच्या सुकवलेल्या चकत्या घेतल्या. घरी न्यायच्या म्हणून घेतल्या होत्या, लॉजपर्यंतही पोचल्या नाहीत.

शुक्रवारी सकाळी तलासरीची जीप धरली. जीपवाले जयेशभाई. नऊ माणसांच्या जागेत तेरा जण बसवून वर म्हणतात, "बेसो बेसो मावशी, आरामात बसा." कुठं जाणार विचारलं. मी सांगितलं, हॉकी बघायला. झालं! अख्खी जीप बोलू लागली. मला वाटलं होतं हा सामना माझ्या भाचीचा आहे. तो तर जीपभर माणसांचा निघाला.

"कॉलेजच्या पोरी ना? उद्या जिंकणार," जयेशभाई म्हणाले. "बारकीला पुढं खेळवायला लागले तेव्हापासून टीम बदलली. आधी तिला मागं ठेवायचे. अरे, बकरी बांधून ठेवली तर चरणार कुठून?"

मागून एक म्हातारा बोलला, "बारकीचं काय नाय त्यात. सगळं खळ्याचं काम हाय."

"तुमचं खळं आहे म्हणून तुम्ही तसं बोलणारच!"

"मग? तुझ्या जीपमध्ये शिकल्या का पोरी?"

ते लखमादादा. त्यांच्याच पाड्यावर मनीषा खोली घेऊन राहते, म्हणून आम्ही तलासरीपासून पुढंही बरोबरच गेलो. तलासरीच्या नाक्यावर त्यांनी मला उंबाडियू खायला लावलं. थंडीतच मिळतं. मडक्यात कंद, रताळी, पापडी भरायची, वर रानपाला कोंबायचा, मडकं उलटं करून गोवऱ्यांत भाजायचं. तेल नाही, पाणी नाही. हिरव्या चटणीशी खायचं. मी तीस वर्षं खानावळ चालवली, पण पाल्याच्या वाफेवर रताळं इतकं गोड होतं हे मला ठाऊक नव्हतं. साठ रुपयांत दोघांचं पोट भरलं.

लखमादादांनी आधी मला खळंच दाखवलं. भाताची झोडणी संपलेली, खळं रिकामं. घरातल्या ओट्यासारखं गुळगुळीत. हकिगत अशी की कॉलेजचं मैदान मुरमाचं. चेंडू त्यावर बेडकासारखा उड्या मारतो. पोरी काठी पुढं करायच्या आणि चेंडू नडगीवर बसायचा, म्हणून त्या चेंडू अडवायलाच भ्यायच्या. झोडणी झाल्यावर मनीषानं विचारलं, "दादा, खळ्यावर सराव करू का?" दादा म्हणाले, चपला काढून खेळा. तेव्हापासून पोरी रोज पहाटे खळ्यावर, अनवाणी. तिथं चेंडू सरळ येतो. भीती गेली, हात बसला. त्यानंतरचे तिन्ही सामने बाहेरगावी, सपाट मैदानांवर. तिन्ही जिंकल्या.

"आणि उद्याचा?" मी विचारलं.

"उद्याचा घरी. मुरमावर." दादांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "पण आमी इलाज केलाय."

इलाज काय ते सांगेनात. नुसते हसले.

संध्याकाळी मनीषाकडे नागलीची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी, उडदाचं वरण. पोरगी जेवेना. "जेव गं," मी म्हटलं, "उपाशी पोटी कुणी गोल केल्याचं ऐकलं नाही."

"गोल त्या करतात, मावशी. मी नुसती ओरडते."

"ओरडायलाही भाकरी लागते."

शनिवारी सात वाजता आम्ही मैदानावर पोचलो आणि मनीषा जागच्या जागी उभी राहिली. हॉकीत गोलापुढं चुन्यानं आखलेला मोठा अर्धगोल असतो. त्याच्या आतून मारलेला चेंडूच गोल धरतात. तर ते दोन्ही अर्धगोल शेणानं नि लाल मातीनं सुरेख सारवलेले. खळ्यासारखे! चुन्याच्या रेषा सारवणाखाली गडप. आणि मी पाऊल टाकलं तर घोट्यापर्यंत आत. लापशीच ती!

हाच तो इलाज. मुरमावर नाही तर नाही, निदान गोलापुढं तरी पोरींना खळं मिळावं. विचार सोन्यासारखा. पण इकडे नव्या खळ्याची रीत अशी की ज्यांचं ज्यांचं धान्य तिथं झोडायचं, त्या प्रत्येक घरचा हात सारवणाला लागला पाहिजे. पोरी तीन पाड्यांच्या. मग तिन्ही पाड्यांचा हात लागायला नको? दुपारी एक पाडा सारवून गेला. संध्याकाळी दुसरा आला, त्यानं वरून सारवलं. तिन्हीसांजेला तिसरा. कुणी कुणाला थांबवलं नाही, कारण मानाला नाही कसं म्हणायचं? एक हात दुपारच्या उन्हात वाळला असता. तीन थर, वर जानेवारीचं दव. वाळतंय कशाला!

नऊला पाहुण्या संघाची बस आली, पाठोपाठ पंच. पंचांनी बूट अर्धगोलात घातला आणि बाहेर काढताना बूट आत राहिला. कुणी हसलं नाही. म्हणजे सगळ्यांनी तोंड फिरवून हसून घेतलं.

"बारापर्यंत मैदान खेळण्याजोगं करा," पंच म्हणाले. "नाहीतर नियमानं सामना पाहुण्यांना."

मनीषाचा चेहरा पांढरा पडला. तीन सामने हरून, तीन जिंकून, शेवटी शेणात रुतायचं? लखमादादा कुणाच्या नजरेला नजर देईनात. जयेशभाईंना मात्र जोर चढला. "घ्या! खळ्याचं काम ना सगळं?"

"तोंड नको चालवू, जीप चालव," मागून एक आजी कडाडल्या. त्या सोनीबाई, बारकीची आजी. पदर खोचून पुढं आल्या. "पेंढा आणा. जेवढा हाय तेवढा."

पावसात ओटा फार ओला राहिला तर काय करतात ते त्यांना ठाऊक होतं. पेंढा जाड पसरायचा, वरून ओंडका फिरवायचा, मग पेंढा गुंडाळून उचलायचा. ओला थर पेंढ्याला चिकटून येतो. जयेशभाईंनी जीपनं चार खेपा पेंढा आणला. दोन ओंडक्यांना दोर बांधले. एक आमच्या पोरींनी ओढला. दुसऱ्याला माणसं कमी पडली, तशा पाहुण्या पोरी बुटांच्या नाड्या सोडायला लागल्या. त्यांच्या बाई म्हणाल्या, "अगं, तुम्ही कुठं?" त्यांची कप्तान म्हणाली, "बाई, इतक्या लांब बसनं आलोय ते काय सही करून परत जायला?" मी कामाला लागलेल्या सगळ्यांना पाणी पाजत फिरले. त्यापलीकडे माझा उपयोग नव्हता.

पावणेबाराला पंचांनी अर्धगोलात चेंडू टाकला. घरंगळत गेला, जरा संथ, पण गेला. नवा चुना ओढला. शिट्टी वाजली.

आता मला कळलं तेवढं सांगते. मधल्या मुरमावर चेंडू बेडूक, आणि गोलापुढं आला की चिखलात बसलेली म्हैस. दोन्ही संघ तिथवर येत आणि तिथंच चेंडू झोपे. अर्धा वेळ संपला, शून्य-शून्य. बरोबरी आम्हाला चालणार नव्हती, जिंकायलाच हवं होतं. कडेला दादा आणि जयेशभाई यांचं चालूच.

"लांबून मारायला सांगा!"

"लांबून मारलेला धरत नाय रे, बावळटा. रेषेच्या आत पाहिजे."

"मग आत जाऊ दे ना!"

"आत चिखल हाय!"

"कोणी केला?"

दुसऱ्या अर्ध्यात बारकी एकदम उजवी बाजू सोडून डाव्या कोपऱ्याकडे पळाली. मनीषा ओरडली, "बारकी, जागेवर!" बारकीनं ऐकलं नाही. चेंडू घेतला, कोपऱ्यातून आत शिरली, आणि तिथं चेंडू अडकला नाही. खळ्यावर धावावा तसा सुळकन गेला. एकीला चुकवलं, काठी सपकन फिरली. गोल!

मी नाचले. गुडघे दुखतात माझे, तरी नाचले. जयेशभाईंनी जीपचा हॉर्न धरून ठेवला तो कुणीतरी हात ओढेपर्यंत.

पाहुण्यांनी नंतर खूप जोर लावला. एक चेंडू तर आमच्या खांबाला लागून परत आला, तेव्हा मनीषानं माझा दंड असा धरला की तिसऱ्या दिवशीही वळ होता. पण एक-शून्य राहिलं. शेवटची शिट्टी झाली आणि पोरी त्या शेणकाल्यातच लोळल्या.

मी बारकीला विचारलं, "तुला कसं कळलं गं, तिथं सुकं आहे ते?"

ती लाजली. "आजीच्या पाड्याचा हात शेवटी लागला ना. शेण कमी पडलं. तो कोपरा राहून गेला, तिथं दोनच थर, म्हणून लवकर वाळलं. काल सगळे आजीला हसत होते."

सोनीबाई जवळच होत्या. "हसा अजून," म्हणाल्या. "लग्नात, खळ्यात, कुठंबी, 'सोनीच्या पाड्याचं नेहमी कमी.' आता बोला!" दादांनी त्यांना तंबाखूची डबी पुढं केली.

प्राचार्य मैदानात आले. शिस्तीचा माणूस, हसणं जरा महाग. त्यांनी आपल्या बुटांकडं पाहिलं, अर्धगोलाकडं पाहिलं, आणि मनीषाला म्हणाले, "मॅडम, पुढच्या वर्षी सारवायच्या आधी मला विचारत जा."

आधी आम्हाला ती बोलणीच वाटली. मग मनीषाच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या वर्षी, म्हणाले होते ना ते.

रविवारी परत निघाले. चारोटी नाक्यावर उतरून नाशिकची एसटी मिळते, पण वेळ विचारून ठेवा, मला दीड तास उन्हात उभं राहावं लागलं. जानेवारीचं ऊन, तक्रार नाही. बरोबर सोनीबाईंनी दिलेली नागली, आणि साडीच्या काठाला वाळलेलं शेण. ते धुतलं मी. जपून बिपून ठेवलं नाही.

शेजारणींनी विचारलं, काय काय पाहिलंस? समुद्र पाहिला, पाच मिनिटांत सांगून झाला. सामना सांगायला दोन संध्याकाळी लागल्या. एकीनं विचारलं, "आणि बाद फेरीत हरल्या तर?" हरतील बापड्या, समोरचा संघ मोठ्या शहरातला आहे, त्यांच्याकडं हिरवं गालिच्याचं मैदान आहे म्हणे. पण गालिचा सपाट असतो, आणि सपाटावर आमच्या पोरी अजून हरलेल्या नाहीत. मला तरी त्याच जिंकताना दिसतात.

काल दुपारी लखमादादांचा फोन. मनीषाच्या फोनवरून, पण दादाच. म्हणे, बारकीला उजवीकडंच ठेवायचं ठरतंय. मी म्हटलं, दादा, चुकताय. ती डावीकडून आत शिरते तेव्हा काठी मोकळी फिरते, मी डोळ्यांनी पाहिलंय. ते म्हणाले, मावशी, तुम्ही एक सामना पाहिला. मी म्हटलं, एकच पाहिला, पण तुमच्यासारखा भांडत नाही पाहिला. अर्धा तास झाला. शेगडीवर भात लागला, वास घरभर पसरला, आणि मी एका हातानं पातेलं उतरवत, दुसऱ्यानं फोन कानाशी धरून सांगतच होते, "डावीकडून सोडा तिला, दादा. माझं ऐका."