घरचं ठिगळ

हर्नियाचा पेशंट समोर आला की बारामतीचे डॉक्टर आधी त्याची मांडी चिमटीत धरून बघत, दुकानात कापडाचा पोत बघतात तशी. मग म्हणत, "घरचं कापड असताना ठिगळाला बाहेर कशाला जायचं?"

मांडीच्या स्नायूवर एक चिवट पांढरा पडदा असतो. त्याची पट्टी काढून ते जांघेतल्या भोकावर शिवत. पद्धत जुनी, मोठ्या शहरांतून केव्हाच मागे पडलेली. मीही सर्जन, इंदापूरचा, मुंबईत शिकलेला. पण इंदापूरचेच पेशंट माझ्या दवाखान्यासमोरून बारामतीची एसटी धरत. असा हेवा तुम्हीही कुणाचा तरी केला असेल. कबूल कोण करतो?

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पुण्याच्या एका परिषदेत मी एका परदेशी पडद्याबद्दल ऐकून आलो. डुकराच्या आतड्याचा, पेशी धुऊन काढलेला. शरीर त्याच्या आधाराने स्वतःचं मांस विणतं आणि पडदा विरून जातो. आमच्या डॉक्टरांच्या बैठकीत मी त्यावर चाळीस मिनिटं बोललो, स्लाइड दाखवून. शेवटी बारामतीच्या डॉक्टरांनी विचारलं, "इंदापुरात कुठं मिळतो हा?" सगळे हसले. ते स्वतः हसले नाहीत, हे जास्त झोंबलं.

अंथुर्ण्याला राहणाऱ्या माझ्या वडिलांचा हर्निया मी हट्टाने स्वतःच शिवला होता, नुसत्या टाक्यांनी. दोन वर्षांनी ते अंगणात आंघोळीला बसले असताना मला त्यांच्या मांडीवर लांब व्रण दिसला.

"आबा, हे कुठं केलं?"

"बारामतीला. तुझं उसवलं हुतं."

"मग मला का न्हाय सांगितलं?"

"डॉक्टरच म्हणालं, आबा, पोराला कळू दिऊ नका. टाकं माझंबी उसवत्यात."

डॉक्टरांचे टाके उसवत नसत. मी चौकशी करून ठेवली होती.

पुढच्याच वर्षी बारामतीचे डॉक्टर अचानक गेले. आबांनी तिरडीला खांदा द्यायचा हट्ट धरला.

"आबा, वजन उचलू नका," मी हळूच म्हणालो.

"का? हे काय तू शिवलंय व्हय?"

नदीपर्यंत त्यांनी खांदा सोडला नाही. बाकीचे तिरडीकडे बघत होते, मी आबांच्या जांघेकडे. तिथं काय दिसावं असं वाटत होतं, ते विचारू नका.

वाटेत आबा दोनदा जोरात खोकले. धोतर कुठंच फुगलं नाही.