निरांजनापुढचा श्वास

मला देवाकडे काही मागता येत नाही. माणसांकडेही येत नाही. संत तुकाराम नगरच्या आमच्या घरी पप्पा रोज संध्याकाळी आरती करायचे आणि मी मोबाईल घेऊन दारातच उभी राहायची. त्यामुळे त्यांच्या फुप्फुसात गाठ दिसली, तेव्हा कोणाशी बोलावं हेच मला कळेना.

गाठ कर्करोगाची की दुसरी कसली, हे सुईने तुकडा काढल्याशिवाय कळणार नव्हतं. हॉस्पिटलमध्ये सुई आत जाताना पप्पांनी श्वास धरून निश्चल पडायचं होतं. चाकणच्या कंपनीत आयुष्य काढलेला माणूस, साहेबांनी सांगितलेलं जीव तोडून करणारा. 'श्वास घ्या' म्हटलं की ते छाती फुगवायचे, आणि लगेच खोकला. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, असंच चाललं तर आज थांबावं लागेल, मग छाती उघडूनच तुकडा काढावा लागेल; तुम्ही जरा समजावून बघा.

मी उठले, पण समजावणार काय? बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी मावळातल्या एक आजी नवऱ्याच्या एक्स-रेसाठी थांबल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"तुजा बाप टायरात हवा भरतोय का?"

मला रडता रडता हसू आलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "पोरी, त्येला म्हन, निरांजन ओवाळताना जोत इझू नये म्हून जेवढा सास धरतो, तेवढाच धर."

आत पप्पा पालथे पडले होते. सगळ्यांसमोर बोलायची मला लाज वाटत होती, तरी मी त्यांच्या कानाशी वाकले. "पप्पा, हातात निरांजन आहे असं समजा."

त्यांचे खांदे सैल पडले. रोज दारातून पाहिलेली ती पाठ मी लगेच ओळखली.

खोकला आला नाही. तुकडा मिळाला. आजींना सांगितलं, तर त्यांना त्याचं काही विशेष वाटलं नाही. डबा पुढे करून म्हणाल्या, आता खा काहीतरी. ती चतकोर भाकरी मी प्रसादासारखी खाल्ली.

पुढे टीबी निघाला, औषधं सुरू झाली. पण माझे हात जोडले गेले होते ते अहवालाच्या आधीच, त्या बाकावर. आजींना नेमकं निरांजनच कसं सुचलं, याचा शोध मी घेत नाही. देवावर भार टाकायला छाती फुगवावी लागते असं मला वाटायचं. ज्योत विझणार नाही एवढा श्वास पुरतो.

पप्पा सध्या लवकर दमतात, म्हणून खुर्चीत बसून आरती म्हणतात. निरांजन माझ्या हातात असतं. मी घाई केली की तेवढ्यापुरते थांबून म्हणतात, "हळू गं."