मोटारीची जमीन

मंडळी, आत्ताच जव्हारला पोहोचलोय.

मी लाकडाच्या ठेकेदाराची मोटार चालवतो. आज पोशेऱ्याहून बाळंतपणात अडलेल्या एका बाईला संस्थानच्या दवाखान्यात आणत होतो. घाटात, ऐन दिवेलागणीला, मोटारीचे दोन्ही दिवे गेले. एक तार सुटून लोंबत होती.

मोटारीतल्या तारांचा छापील नकाशा उलगडला. ती तार तीन आडव्या, आखूड होत गेलेल्या रेघांपाशी संपत होती. ही जमिनीची खूण, एवढं ठाऊक होतं. तार ओल्या मातीत खुपसली. दिवे ढिम्म.

"दादा, काय तरी कर रं," तिचा नवरा म्हणाला. आत ती कण्हत होती.

पुन्हा नकाशा पाहिला. बॅटरीच्या एका तारेलाही तीच खूण होती, आणि ती तार तर सांगाड्याच्या लोखंडाला आवळलेली! म्हणजे मोटारीची जमीन तिचं लोखंडच. गंज खरवडून सुटलेली तार तिथं बसवली. दिवे लागले.

दवाखान्यात शिरताच मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. माझं मन मात्र थाऱ्यावर नाही. त्या कागदावरच्या कितीतरी खुणा मला अजून कळत नाहीत, आणि उद्या पुन्हा तोच घाट आहे.

तुमच्यापैकी कुणाला येतात का त्या वाचता?