तिरोड्याला जाणारी घंटी

आमच्या फॅक्टरीतलं भंगार दर वर्षी लिलावात निघतं. किस्से मात्र कोणी उचलून नेत नाही, ते तसेच पडून राहतात आणि वाढत जातात. त्यातले मोबाईलचे किस्से तर इतके झालेत की आता थोडे बाहेर काढले नाहीत तर मला बीपीची गोळी वाढवावी लागेल. आधीच सांगते, तुम्हाला हसू आलं तर खुशाल हसा. मला राग आलेला आहे!

आमची फॅक्टरी जबलपूरला, संरक्षण खात्याची. आत मोबाईल न्यायचा नाही. सकाळी गेटवरच्या खिडकीत फोन जमा करायचा, नंबरचा बिल्ला घ्यायचा, सुटी झाली की बिल्ला देऊन फोन परत घ्यायचा. म्हणजे आमचे फोन दिवसभर लाकडी खणांत झोपलेले असतात. आणि याच फॅक्टरीत, जेवणाच्या सुटीत, सगळ्यात जास्त भांडणं कशावरून होतात? कोणाचा फोन भारी यावरून!

डबे खायला आम्ही चौघं एका टेबलावर बसतो. मी इन्स्पेक्शनला, चौघांत एकटीच बाई. ढोमणे, ज्यांना दर वर्षी नवा फोन लागतो. तिवारी, अस्सल जबलपुरी. आमच्यात राहून मराठी सगळी समजते, बोलतो हिंदीच, आणि भेटेल त्या पुरुषाला 'बड्डे' म्हणजे मोठा भाऊ म्हणतो. आणि रामटेके. ते कमी बोलतात, म्हणून मला आवडतात.

★

एकदा ढोमण्यांनी नव्या फोनवर भेडाघाटच्या धबधब्याचा फोटो काढला. "एकेक थेंब वेगळा दिसून राहिला जी, एकेक थेंब!"

तिवारी म्हणाला, "दिखाओ."

दाखवणार काय, कपाळ? फोन गेटवर. पण ढोमणे मागे हटणारे नाहीत. त्यांनी खिशातून मार्किंगचा खडू काढला आणि टेबलावर तो फोटो काढायला घेतला. इथे खडक, इथे पाणी, इथे मिसेस. वरणाची वाटी बाजूला सरकवून अख्खा धबधबा काढला.

तिवारीने मान वाकडी करून नीट पाहिलं आणि म्हणाला, "बड्डे, ज़रा ज़ूम करके दिखाओ."

आणि ढोमण्यांनी शेजारी तोच धबधबा मोठा काढून दाखवला हो! माझ्या डब्याखाली अजून खडूची पांढरी फक आहे.

★

आता रामटेक्यांचं ऐका, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

रामटेके शहराच्या गढा भागात राहतात. बायको आणि मुलगी मुलीच्या शिक्षणासाठी नागपूरला, इथे घरी ते आणि त्यांची आई. आईने आयुष्यभर बिड्या वळून मुलं मोठी केली. तिच्याकडे बटनांचा फोन, मागचं झाकण पडू नये म्हणून रबर बँड लावलेला. तिची एकुलती धाकटी बहीण शेवंता मावशी तिकडे गोंदियाजवळ तिरोड्याला. रोज सकाळी चहा झाला की आई तिरोड्याला फोन लावते, दोन घंट्या जाऊ देते आणि कट करते. मग तिकडून दोन घंट्या येतात. झालं! आईच्या घंटीचा अर्थ, मी आहे. मावशीच्या घंटीचा अर्थ, मीही आहे.

हे सुरू झालं तेव्हा बोलायला पैसे पडायचे. पण आता तर बोलणं फुकटात जमा आहे. मी एकदा आईंना विचारलं, "आता बोलत काहून नाही मग?"

"बोललं का ते रडते वो, मग मलेही रडू येते. घंटी दिली का झालं."

भेट कित्येक वर्षांत नाही. कधी हिचे गुडघे, कधी तिची शेती, कधी कोणाचं बाळंतपण. गोंदियाहून आता थेट गाडी येते, तरी नाही. दोन घंट्यांवर दोघींचं सगळं चाललेलं.

आणि अशा बाईला कंपनीचा मेसेज आला की तुमचं नेटवर्क जुनं झालं आहे, आम्ही ते बंद करत आहोत, कृपया अपग्रेड करा. कृपया! गळा धरायचा आणि कृपया म्हणायचं.

रामटेक्यांनी चूक केली. त्यांनी टेबलावर विचारलं, "आईसाठी कोणता फोन घ्यावा?"

संपलं! ढोमणे रॅमवर गेले. तिवारी बॅटरीवर गेला. सेलपर्यंत थांबावं की आत्ताच घ्यावा, यावर दोघांचं बोलणं बंद झालं आणि मीठ मागायचं तर माझ्यामार्फत मागू लागले. शेवटी रामटेके हळूच म्हणाले, "आईनं एकच विचारलं आहे."

"काय?"

"याची घंटी तिरोड्याला जाते का?"

ढोमणे घसा खाकरून म्हणाले, "ते जरा स्पेसिफिकेशनमध्ये पाहावं लागेल."

★

ढोमण्यांची अक्कल किती चालते तेही सांगते. गेल्या वेळी फोनचा रंग ठरवायला त्यांनी अख्खा पितृपक्ष घेतला. सोनेरी की समुद्री निळा? आम्हा सगळ्यांची मतं घेतली, कॅन्टीनवाल्याचंही घेतलं. शेवटी समुद्री निळा घेतला आणि दुकानातच त्यावर जाड काळं कव्हर चढवलं. त्यांच्या मिसेस म्हणाल्या, "निळा कोणासाठी घेतला जी, कव्हरसाठी?"

त्याच फोनच्या डब्यात चार्जर नव्हता. कुलूप विकायचं आणि किल्ली वेगळी घ्या म्हणायचं, याला धंदा म्हणतात आजकाल! इथल्याच गोरखपूर बाजारातला दुकानदार ढोमण्यांना गोड हसून म्हणाला, "सर, पर्यावरण के लिए कंपनी ने हटा दिया."

सोबत तिवारी होता. म्हणाला, "तो बड्डे, ये इत्ता बड़ा डब्बा काय के लाने दिए?"

दुकानदाराने डबा पिशवीत घातला. पिशवी प्लास्टिकची होती.

★

माझा स्वतःचा फोन चांगला चालला होता. चांगलं चाललेलं यांना बघवत नाही. एका सकाळी त्याने आपणहून अपडेट घेतलं आणि त्या दिवसापासून तो असा चालायला लागला की नाव दाबावं, कढईत फोडणी टाकावी, भाजी परतावी, तेव्हा कुठे फोन लागावा. मी सर्व्हिस सेंटरला गेले. तिथल्या साहेबाने फोन उलटासुलटा केला आणि म्हणाला, "मैम, फोन में कोई खराबी नहीं है. बस पुराना हो गया है."

"पुराना? माझ्या मुलीच्या बारावीला घेतला, ती अजून कॉलेजात आहे!"

"मैम, उतने में तो काफी पुराना हो जाता है."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, आमच्या मशीन शॉपमध्ये एक लेथ आहे. त्याच्यावर माझ्या सासऱ्यांनी काम केलं, त्यांच्या आधी त्यांच्या उस्तादाने केलं. आजही तेल घालून सुरू करा, केसाएवढा फरक दाखवणार नाही. आणि तुमचं यंत्र एका ग्रॅज्युएशनला पुरत नाही? लाज नाही वाटत?

तो बिचारा गंभीरपणे ऐकत होता. म्हणाला, "मैम, लेथ में आपने कभी अपडेट नहीं डाला ना."

खरं बोलला मेला. म्हणून जास्त राग आला.

★

आता सिमकार्डवाले. आमच्या गेटसमोर, सुटीच्या वेळी, रस्त्याच्या या बाजूला एका कंपनीची रंगीत छत्री आणि त्या बाजूला दुसरीची. दोघंही ओरडतात, नंबर तोच ठेवा, आमच्याकडे या. येणाऱ्याला कप, डबा, छत्री, काय काय देतात. आणि जो वर्षानुवर्षं इमानदारीत एकाच ठिकाणी आहे त्याला काय? त्याला मेसेज, की तुमचा प्लॅन महागला. पाहुण्याला पुरणपोळी आणि घरच्या सुनेला खरवड!

तिवारीने यावर इलाज काढला आहे. तो काही महिने या छत्रीत, काही महिने त्या छत्रीत. त्याच्या घरी चहा आला की कपावर बघायचं, सध्या भाऊसाहेब कुठल्या कंपनीत आहेत ते कळतं. एकदा मी विचारलं, "निष्ठा म्हणून काही असते की नाही रे?"

"दीदी, निष्ठा रखी थी दो साल. एक चम्मच नहीं मिला."

त्यानेच रामटेक्यांना पटवलं. अम्मांचा नंबर इकडे आणा, नवं सिम घ्या, वर एक साधा स्मार्टफोन स्वस्तात. छत्रीतला टाय लावलेला माणूस म्हणाला, "सर, आप बेफिक्र रहिए. बात करते-करते चालू हो जाएगा." रामटेक्यांनी सही केली.

दोन दिवसांनी संध्याकाळी जुनं सिम बंद झालं. नवं सुरू होईना. टायवाला गढ्याला घरी आला. म्हणे, अम्मांची ओळख पटायची राहिली आहे. अंगठा लावा. अंगठा यंत्रावर उमटेना. कसा उमटेल? आयुष्यभर तेंदूच्या पानांवर तंबाखू वळून त्या बाईची बोटं गुळगुळीत झालेली. मग म्हणाला, चेहरा दाखवा. मोबाईल आईंच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाला, "अम्मा, पलक झपकाइए."

आईंनी रामटेक्यांकडे पाहिलं. "या वयात डोळा मारायला काहून लावून राहिला हा?"

मारला नाही. जन्मभर ज्या बाईने मान खाली घालून काम केलं तिने परक्या माणसासमोर डोळे मिचकावायचे, तेव्हा कंपनीला पटणार की ही जिवंत आहे! टायवाला "कल देखते हैं" म्हणून गेला. आई हातात नवा फोन धरून बसून राहिल्या. "शेवंता वाट पाहीन," एवढंच म्हणाल्या. रामटेके म्हणाले, सकाळी मी माझ्या फोनवरून मावशीकडे लावून देतो.

आणि सकाळी गडबडीत विसरले.

★

इकडे तिरोड्याला काय झालं ते नंतर कळलं. आईंची घंटी आली नाही म्हणून शेवंता मावशींनी स्वतःच लावली. फोनवरची बाई म्हणाली, हा नंबर अस्तित्वात नाही.

मावशींनी कपाळावर हात मारून घेतला. "माय वो! ते बाई सांगून राहिली, आता नाही म्हणते!"

त्यांच्या मुलाने रामटेक्यांना लावला. वाजतोय, वाजतोय, उचलत नाही. उचलेल कसा? फोन गेटवरच्या खणात! परत लावला, परत वाजला. घरात मयत असल्याशिवाय माणूस इतका वेळ फोन घेत नाही, असं तिकडे सगळ्यांचं एकमत झालं. आणि मंडळी गाडीत बसली.

सुटी झाली, रामटेक्यांनी बिल्ला देऊन फोन घेतला आणि मिस्ड कॉलची रांग पाहून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी उलट लावला तर लागेना. लावून लावून मावशींच्या मुलाच्या फोनची बॅटरी नैनपूरकडच्या जंगलातच संपली होती. मी आणि तिवारी त्यांच्यासोबत गढ्याला गेलो.

पण ऑटो आमच्या आधी पोचली होती. गल्लीत माणसं जमलेली. शेवंता मावशी ऑटोतून उतरून छाती बडवत ओट्याकडे येत होत्या, मागे मुलगा. ओट्यावर आई तांदूळ निवडत बसलेल्या. बहिणीला रडताना पाहून त्यांच्या हातातलं सूपच पडलं.

"काय झालं वो शेवंता? कोण गेलं?"

मावशी जागच्या जागी थांबल्या. तोंड उघडं. मग म्हणाल्या, "तू!"

गल्लीत कोणालाच हसू आवरेना. मला आवरलं. मी कोपऱ्यात उभी राहून डोळे पुसत होते आणि त्या कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. एका म्हाताऱ्या बाईला दिवसभर गाडीत रडवलं, का? तर हिचा अंगठा उमटत नाही!

मावशींच्या पिशवीत एक साडी होती. फिकट निळी, नवीकोरी. बाई गेली की तिच्यावर माहेरची शेवटची साडी घालतात, तीच. आईंनी ती हातात घेतली, उलगडली, उन्हात धरून पाहिली. "पोत चांगलं आहे," म्हणाल्या.

★

त्या रविवारी रामटेक्यांनी आम्हा तिघांना जेवायला बोलावलं. मावशी अजून तिथेच. मुलगा एकटाच परत गेला होता. दोघी बहिणी पलंगावर, एकमेकींना चिकटून. मावशी आईंच्या डोक्याला तेल लावत होत्या आणि कोणा कृष्णीच्या नवऱ्याची गोष्ट सांगत होत्या. आई हसून हसून बेजार. अंगावर तीच फिकट निळी साडी.

नवं सिम आदल्या दिवशी सुरू झालेलं. ढोमणे नव्या फोनचा कॅमेरा तपासत होते. तेवढ्यात तो वाजला. रामटेक्यांनी स्पीकरवर घेतला.

"नमस्कार जी! क्या आप हमारी सेवा से संतुष्ट हैं?"

मी याच क्षणाची वाट पाहत होते. आठवडाभर काय काय पाठ करून ठेवलं होतं. अंगठा, डोळा मिचकावणं, गाडीतलं रडणं, ती साडी, सगळं एका दमात सुनावायचं म्हणून मी फोन ओढून घेतला आणि श्वास घेतला.

"दे वो इकडे," आई म्हणाल्या आणि माझ्या हातातून फोन काढून घेतला. तोंडाशी धरला, मावशींकडे पाहिलं, आणि ठणठणीत आवाजात म्हणाल्या,

"बहोत बढ़िया सेवा है बेटी. दिवाली में एक बार फिर बंद कर देना."