विनायकनं निवडलेला साहेब

विनायक गेल्याचा फोन आला तेव्हा मी चिखलीत तालमीला राजाचा मुकुट घालून उभा होतो. भान सुटलं, तसाच रस्त्यावर आलो. त्यानं पाहिलं असतं तर म्हणाला असता, "राजे, टोप तरी उतरवा बे."

आम्ही अमडापूरचे, एका बाकावरचे. मी शाळामास्तर आणि हौशी नट झालो, तो वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. झाला. त्याला एकाच महिन्यात तीन पत्रं आली. विद्यापीठात शिकवायचं, जालन्याच्या बियाणे कंपनीत संशोधन करायचं, नाहीतर सरकारी प्रयोगशाळेत बियाणं तपासायचं. आठ दिवस गड्याला घास गोड लागेना. शेवटी मी म्हटलं, तिन्ही साहेब करून दाखवतो, मग ठरव. विनायकच्या घरच्या ओट्यावर प्रयोग लागला. प्राध्यापक होऊन मी चष्म्यावरून पाहत विचारलं, "वर्षाला शोधनिबंध किती?" कंपनीचा साहेब होऊन घड्याळ पाहत विचारलं, "हे वाण बाजारात कधी?" सरकारी साहेबाला काही वाक्यच सुचेना, म्हणून पोटावर फाईल ठेवली आणि घोरलो. त्याची आई तोंडाला पदर लावून हसली. विनायक हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं सरकारी नोकरीला होकार कळवला.

"काऊन बे?" मी उडालोच.

"तुहे दोन साहेब मले काहीतरी मागून राह्यले होते. तिसरा झोपेल होता. मले माह्या कामापुरती तेवढीच मोकळीक पाह्यजे."

माझ्या घोरण्यावर एका माणसाचं आयुष्य ठरलं... नटाला याहून मोठी दाद नाही आणि मित्राला याहून मोठा घोर नाही. कारण साहेब जागाच होता. काही वर्षांनी विनायकनं एका वजनदार विक्रेत्याच्या सोयाबीनचा नमुना नापास केला. अहवाल बदला, असं वरून तोंडी आलं. त्यानं अहवाल बदलला नाही, म्हणून त्याची बदली झाली. फोनवर म्हणाला, "तुहा साहेब उठला बे," आणि खो खो हसला. मला हसता आलं नाही. कंपनीत गेलेले त्याचे सोबती पुढे मोठमोठ्या हुद्द्यांवर पोचले. मी तेव्हा इतकं झकास घोरायला नको होतं, असं दर वेळी वाटायचं.

निवृत्त होऊन तो गावी परतला. दिवाळीत शेवटचं भेटलो तेव्हा विचारलंच, "पस्तावतो का रे?"

"अहवालावर सही माहीच होती ना," एवढं म्हणून त्यानं चिवडा पुढे सरकवला. मला ती टोलवाटोलवी वाटली.

परवा वहिनींना भेटायला गेलो. पेरणी तोंडावर आलेली. ओसरीत ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे शंभर दाणे, दहा-दहाच्या ओळींत. एक शेतकरी शेजारी उकिडवा बसलेला आणि वहिनी मोड मोजत होत्या. विनायक घरी लोकांचं बियाणं तपासून द्यायचा हे मला ठाऊक होतं. वहिनींनाही शिकवून गेला होता, हे नव्हतं.

"एक्कावन्न," वहिनी म्हणाल्या. "हे पेरू नका, भाऊ."

"दुकानदार तं चांगलं हाये म्हणे."

"म्हणू द्या. तुमी मोजून घ्या."

तो खरंच वाकला. मीही वाकलो. पहिल्या ओळीपासून, एकेका मोडावर बोट ठेवत, आम्ही दोघांनी मोजले. एक्कावन्नच भरले. त्यानं कोपऱ्यातली बियाण्याची थैली खांद्यावर घेतली आणि शेताकडे न वळता दुकानाच्या रस्त्याला लागला.