लेकराची देवी आणि गुलाबी फिनेल

नव्या घराला टाईल्स बसल्या आणि आमच्या कळंबच्या घरात फिनेल शिरलं. मोटारसायकलला कॅन बांधून गल्लोगल्ली फिरणाऱ्याकडचं, गुलाबी, कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत ओतून दिलेलं. वडिलांनी मला पदवीपर्यंत शिकवलं, आमच्या घराण्यात पहिलीच. ते उपकार फिटणार नाहीत. पण त्या बाटलीवर वाचायला एक अक्षर नव्हतं. त्यात पाणी घालणं म्हणजे सासूबाईंना कंजूषपणा वाटे. पाहुण्याला उंबऱ्यातच ठसका लागला पाहिजे, तेव्हा कुठं घर स्वच्छ!

माझी मुलगी तेव्हा रांगत होती. तिच्या गुडघ्यांवर, तळहातांवर, पोटावर लाल पुरळ उठलं. खाजवून खाजवून ती रडायची. सासऱ्यांची बहीण येरमाळ्याहून आली आणि बघताक्षणी तिनं निकाल दिला, "देवी आलीया लेकराला. सुई-गोळी करू नका. कोपंल."

मग देवीचा पाहुणचार सुरू झाला. फोडणी बंद. पाळण्यात कडुलिंबाचा पाला. आणि देवी घरात म्हटल्यावर सोवळं नको? पूर्वी त्यासाठी शेणानं सारवायचे. टाईल्सवर काय सारवणार? म्हणून फिनेल, सकाळ-संध्याकाळ, पाण्याचा थेंबही न घालता. पुरळातून पाणी वाहायला लागलं. आत्याबाई खूश. "बघा, कशी फुलतीया देवी!"

मी म्हणाले, "आत्याबाई, तिची पाठ बघा. एक फोड नाही. अंग फरशीला टेकतं तेवढ्याच जागी येते का तुमची देवी?"

"लई शिकलीस म्हणून देवीला जाब इचारतीस व्हय?"

"देवीला नाही, तुम्हाला विचारतेय."

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. नवरा मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "आणखी थोडं थांबून बघू." थांबायला त्याचं काय जात होतं? खाज त्याच्या अंगाला नव्हती.

मी मुलीला उचललं आणि धाराशिवची एसटी धरली. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी तिचे गुडघे पाहिले, पाठ पाहिली, झबलं हुंगलं आणि विचारलं, "फरशी कशानं पुसता?" मी सांगितलं. त्यांनी मलम दिलं आणि फिनेल बंद करायला लावलं.

घरी येऊन मी वास जाईपर्यंत फरशी साध्या पाण्यानं धुतली. कुणी मदतीला उठलं नाही. हळूहळू पुरळ सुकलं, मुलगी शांत झोपू लागली. आत्याबाईंनी गल्लीभर सांगितलं, "पाल्यानं उतरली देवी." मलमाची ट्यूब समोर फळीवरच होती.

अजूनही पाहुणे आले की सासूबाई ओशाळून म्हणतात, "वास येत न्हाय, पण पुसलंय बरं का." वासाबद्दल पाहुण्यांची माफी! लेकराची मागावी, हे अजून कुणाला सुचलेलं नाही. ती तिथंच फरशीवर पालथी पडून चित्रं काढत असते.